पोटाची मधली शिवण

नाशिक रोड, ४ ऑक्टोबर १९३६, रविवार

न्हाणं झाल्यावर जरा आडवी झाले होते. उठताना शालू ओरडली, "आई, तुझ्या पोटात मासा वर आला!" उषा धावत आली. दोघींनी मला पुन्हा निजवलं, पुन्हा उठवलं. खरंच की. उठायला मान उचलली की छातीखालपासून बेंबीखालपर्यंत मधोमध एक उंचवटा वर येतो. मान टेकली की गेला. मुली हसून लोळल्या. मीही हसले.

मग दार लोटून एकटीच निजले नि त्या जागी बोटं ठेवली. बोटं आत गेली. दोन्ही बाजूंना घट्ट काठ, मध्ये काहीच नाही. नुसती कातडी, नि तिच्याखाली हे पोर. त्याची टाच हाताला लागली. इतकी जवळ की…

सातवा लागलाय. ह्यांना काही बोलले नाही.

६ ऑक्टो.

शालू-उषा, ह्या जुळ्यांच्या नंतर थोडी फट राहिली होती. सुईण म्हणाली होती, भरून येईल. मग मुलींच्या गडबडीत विसरूनच गेले. शाळेत परत रुजू झाले, कवायतीचा तास पुन्हा माझ्याकडे आला, कधी काही दुखलं नाही. आता मात्र पोट पुढे नि खाली लोंबतं. निऱ्या खोचायला जागा नाही. पाठ अशी दुखते की फळ्यावर लिहिताना एक हात भिंतीला लावावा लागतो.

खोकला आला की तो उंचवटा येतो. हसू आलं तरी. आज शिंक आली तर दोन्ही हातांनी पोट धरलं. वर्गातल्या मुली बघत होत्या.

९ ऑक्टो.

मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, कवायत आता दुसऱ्या कोणाकडे देते, तुम्ही बसून शिकवा. चांगल्या मनानं म्हणाल्या. मैदानावर मुली उभ्या होत्या, कोणीतरी हाळी दिली, "पोट आत, छाती पुढे!" माझीच हाळी. मी खिडकीत उभी.

सासूबाई माझ्या पोटाकडे बघत असतात. जेवण वाढताना, तुळशीपाशी, मी वाकले की. मी बघितलं की नजर काढून घेतात.

१५ ऑक्टो.

देवळालीच्या छावणीतल्या तोफा सकाळपासून चालू. सराव असणार. प्रत्येक आवाजाला पोर दचकतं आणि ते दचकणं बाहेरून दिसतं. आधीच्या खेपेला दोघी होत्या तरी असं दिसत नव्हतं.

अमीनाबी, आमची शेजारीण, अंगणात भांडी घासताना बघून गेली. तिचा नवरा करीमभाई स्टेशनावर टांगा चालवतो. माझ्या हातातलं पातेलं ओढून घेतलं. "भाभी, असं वाकू नका. पोट बघा किती खाली आलंय. मी हाय ना." सासूबाईंनी ते पातेलं पुन्हा विसळून घेतलं, अमीनाबी गेल्यावर. पण तिला नको म्हणाल्या नाहीत.

१८ ऑक्टो., रविवार

ह्यांना दाखवलं शेवटी. मान उचलून दाखवली. पाहिलं. छापखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. कुठं काय सैल झालं ते हात लावून बघायची सवय. इथं हात लावायला भ्याले. म्हणाले, "दुखतं का?" मी म्हटलं, नाही. "मग?" मग काय ते मलाच माहीत नाही.

हे म्हणाले, "नाशकाच्या बायकांच्या दवाखान्यात दाखवू." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मिशनच्या?" एवढंच.

२५ ऑक्टो.

दवाखान्याचं पुढे ढकलतंय. आधी ह्यांची छापखान्यातली पाळी, मग शालूला ताप. सासूबाईंनी जुनं मऊ लुगडं फाडून पट्टा केला नि बांधायला आल्या. इतका आवळला की श्वास घेता येईना. मी चिडले. "मला नको हे." त्या गाठ सोडून गेल्या. डोळे भरले होते बहुतेक. मला वाटलं माझ्या बोलण्यानं.

३ नोव्हेंबर

गेलो. करीमभाईच्या टांग्यातून. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला पोटाखाली हात.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, पांढरं पातळ, बोलणं झटपट. मला निजवून मान उचलायला लावली, बोटं ठेवली, "हं" म्हणाल्या. त्या "हं"चा अर्थ लावत मी निजून राहिले.

मग सांगितलं ते असं: छातीपासून खालपर्यंत पोटावर स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात, मध्ये त्यांना जोडणारी शिवण. प्रत्येकीचीच ती गरोदरपणात ताणते. तुमची जुळ्यांनी फार ताणली, नि आता पुन्हा.

मी: "फाटली का?"
"फाटली नाही. सैल झाली."
"आतडी बाहेर येतील?"
त्या हसल्या. "नाही येणार. कोणी सांगितलं?"
कोणीच नाही. मीच रोज मनात बघत होते.

उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हातावर भार देऊन उठायचं. जड उचलायचं नाही. पट्टा बांधायचा, पण खालून वर आधार देणारा, श्वास कोंडेल असा नाही. स्वतः बांधून दाखवला. पाठीला लगेच बरं वाटलं, रडूच आलं.

निघताना म्हणाल्या, "मूल सध्या आडवं आहे. अजून वेळ आहे, वळतं बहुधा. महिन्यानं या." सहज म्हणाल्या. मी ते दारापर्यंत नेलं, टांग्यात नेलं, घरी आणलं.

४ नोव्हें.

घरी सांगितलं. "आडवं" हा शब्द ऐकला नि सासूबाईंच्या हातातलं तांदळाचं सूप खाली टेकलं. तांदूळ सांडले नाहीत. पण त्या तशाच बसून राहिल्या.

१४ नोव्हें.

दिवाळी. दोघी मुलींना अमीनाबीनं बांगड्या आणल्या. चकलीचा सोऱ्या फिरवायला मला मनाई. सासूबाई एकट्याच सगळं करतात, कोणाला हात लावू देत नाहीत. आज पट्टा बांधायला मी त्यांना बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी दाखवला तसा सांगितला. चांगला बांधला.

२२ नोव्हें., रविवार

दुपारी शेंगा फोडत बसलो होतो. मुली अमीनाबीकडे. मी विचारलं, "सासूबाई, तुम्ही एवढ्या कशाला भ्यालात?"

त्यांनी हातातले दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण होती. मथुरा. पाचवी खेप तिची. तुझ्यासारखंच पोट होतं, पुढं लोंबलेलं. मी होते तिथं."

"मग?"

"आडवं होतं. हात आधी बाहेर आला." शेंगा फोडत राहिल्या. "बाळाचा हात गं. मी धरला होता. ऊन होता."

पुढचं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. ही गोष्ट ह्यांनाही माहीत नाही, म्हणाल्या.

मी आत जाऊन निजले, तर पोर आडवंच. डोकं डाव्या कुशीत हाताला लागतं, गोल, कडक. म्हटलं, बाबा रे, वळ.

३० नोव्हें.

शाळेची रजा लागली. वर्गातल्या मुलींनी जास्वंदीची फुलं दिली. मोठ्या बाई म्हणाल्या, जूनमध्ये वाट बघते.

दिवसभर पोटावर हात. डोकं कुठं, पाय कुठं. सकाळी उजवीकडे, संध्याकाळी डावीकडे. मोकळ्या अंगणात खेळावं तसं फिरतंय.

५ डिसेंबर

दवाखाना. डॉ.बाईंनी दोन्ही हातांनी चाचपलं. आडवं. "आता वळायला हवं होतं," म्हणाल्या. मी विचारलं, का नाही वळत? तर म्हणाल्या, पोटाच्या भिंती घट्ट असल्या की मूल त्यांच्या दाबानं उभं राहतं, तुमच्या भिंती सैल, त्याला कसंही निजता येतं.

मग त्यांनी ते वळवलं. पावडर लावून, एक हात डोक्यावर, एक ढुंगणावर, हळूहळू दाबत, थांबत, पुन्हा दाबत. दुखलं नाही फार. आत एक मोठं काहीतरी सरकलं, घर हलल्यासारखं. डोकं खाली आलं. दोन्ही बाजूंना पंच्यांच्या गुंडाळ्या ठेवून वरून पट्टा. "असंच राहू दे आता."

परतताना करीमभाईनं घोडा चालवत नेला, पळवला नाही.

आजपासून खूण: उभं असलं तर उ., आडवं असलं तर आ.

६ डिसें. उ.

७ डिसें. उ. झोप नाही, पण उ.

८ डिसें.

आ. पहाटे पट्ट्याखालून सरकलं. मला कळलं सरकताना. थांबवायला पोट धरलं, पण कसं धरणार.

१२ डिसें.

मधे एकदा दवाखान्यात पुन्हा वळवलं. दोन दिवस उ., मग आ.

हे म्हणाले, "काही धोका आहे का, स्पष्ट विचारलंस का?" विचारलं. स्पष्ट उत्तर मिळालं. कळा सुरू होताना आडवं असलं नि पाणी गेलं, तर हात किंवा नाळ आधी खाली येऊ शकते. मग पोट चिरावं लागतं. आणि ते वेळेवर व्हायला हवं. नाशिक रोडहून टांग्यानं यायला लागणारा वेळ डॉ.बाईंनी बोलून दाखवला नाही, नुसतं खिडकीबाहेर उभ्या टांग्याकडे बघितलं. "शेवटचे पंधरा दिवस इथंच येऊन राहा."

ह्यांना एवढं सगळं सांगताना माझा आवाज शाळेतल्यासारखा निघाला. धडा समजावल्यासारखा. ते उठून बाहेर गेले, ओट्यावर बसले.

१४ डिसें.

मी नाही जाणार असं सकाळी वाटत होतं. मुली एवढाल्या. घर कोण बघणार? दुपारी पोर असं काही तिरकं झालं की बरगडीखाली डोकं नि दुसऱ्या बाजूला पाय टोचतायत, आणि मला मथुरा आठवली. जिला मी कधी पाहिलंही नाही.

सासूबाईंना म्हटलं, मी जाते, पण मुली?

"मुली माझा माधव बघेल. त्याला भात येतो." मग, "मी तुझ्याबरोबर येते."

"तिथं? मिशनच्या दवाखान्यात? तुमचं सोवळं, जेवण?"

"लाह्या खाईन. केळी मिळतात ना नाशकात?"

१९ डिसें., नाशिक

आलो. लांब खोली, खाटा, फिनेलचा वास. मला खिडकीजवळची खाट. पलीकडे निफाडची एक बाई, पहिलटकरीण, दिवसभर रडते. सासूबाई गोदावरीकाठी ओळखीच्यांकडे उतरल्या आहेत, सकाळी गंगेवर आंघोळ करून इथं येतात, व्हरांड्यात बाकावर बसतात. आत येत नाहीत. दारातून विचारतात, "कसं आहे?" मी म्हणते, उभं. किंवा, आडवं. बाकी बोलणं नाही. मला ते पुरतं.

निघताना उषा रडली नाही, शालू रडली. अमीनाबीनं दोघींना कडेवर घेतलं. "मी हाय ना भाभी. जा तुम्ही." हे तोंड फिरवून सामान टांग्यात ठेवत होते.

२२ डिसें. आ. वळवलं. उ.

२३ डिसें. आ.

२४ डिसें.

डॉ.बाई आज वळवायला तयार नाहीत. रोज रोज नको म्हणाल्या, कळा लागतील तेव्हाच बघू. म्हणजे तोवर असंच निजायचं, आडवं बाळ घेऊन, केव्हा पाणी जाईल त्याची वाट बघत. मी उठत नाही. खोकला दाबते.

संध्याकाळी नर्सबायकांनी त्यांच्या सणाची गाणी म्हटली. निफाडवाली रडायची थांबली. मी नाही रडले पण गाणंही ऐकलं नाही, पोटाकडे लक्ष.

२७ डिसें., रविवार

हे आले, मुलींना घेऊन. दोघींचे केस कसे विंचरलेले! भांग वाकडा, तेल गळतंय. भाकरी जळते म्हणे, म्हणून तीन दिवस भातच. अमीनाबी कालवण देते, हे म्हणाले, आणि व्हरांड्याकडे बघून आवाज खाली आणला. सासूबाईंनी ऐकलं असणार. "मग खा की," एवढंच म्हणाल्या.

मुली गेल्यावर खाट फार मोठी वाटली.

३१ डिसें.

आ. पोटात आवळल्यासारखं होऊन जातं. नर्स म्हणते खोट्या कळा. प्रत्येक वेळी मी हात खाली नेऊन बघते, ओलं नाही ना. किती वेळा बघितलं आज.

२ जानेवारी १९३७, सकाळ

खऱ्या आहेत. उजाडल्यापासून. पाणी गेलेलं नाही अजून. डॉ.बाई आल्या, बघितलं, तिरकं आहे म्हणाल्या, डोकं उजव्या कुशीत. आता वळवतील, डोकं खाली आणून धरून ठेवायचं, मग त्याच पाणी मोकळं करतील, म्हणजे डोकं खाली बसेल, सरकणार नाही. धरून ठेवायला माणूस हवा, कारण माझं पोट धरत नाही. एक नर्स निफाडवालीकडे अडकली आहे. तिचीही आजच.

वाट बघताना लिहिते आहे.

कळ

डॉ.बाई दारात जाऊन म्हणाल्या, "आजीबाई, तुम्ही येता का आत? हात धुवा कोपरापर्यंत." सासूबाई गंगेवरून आलेल्या, केस ओले. चपला काढून आत आल्या. खाटेला स्पर्श केला. माझ्याकडे नाही बघितलं, पोटाकडे बघितलं. "कुठं धरू?" डॉ.बाईंनी त्यांचे दोन्ही हात घेऊन दोन्ही बाजूंना ठेवले. "असं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"नाही सोडणार."

पेन्सिल ठेवते.

९ जानेवारी

आज बसून लिहायला परवानगी. उशा लावून.

मुलगा आहे. डोक्यानं आला. दुपारी. रडायला वेळ लावला, मग खूप रडला. निफाडवालीला मुलगी. सासूबाई तेव्हापासून दोन दिवस हात चोळत होत्या, मनगटं सुजली होती. मला आठवतं ते एवढंच, त्यांचे हात, आणि मध्येच त्या म्हणाल्या, "इथंच राहा रे बाळा, इथंच राहा." कोणाला म्हणत होत्या कोण जाणे.

माझं पोट रिकाम्या थैलीसारखं. कुशीवर वळले की एका बाजूला ओघळतं. मधे हात ठेवला तर हात बुडतो. डॉ.बाईंनी बघितलं. मी विचारलं, भरून येईल का? म्हणाल्या, काही येईल. किती, ते आता सांगता येत नाही. श्वास सोडताना पोट हळू आत ओढायचं, दोन्ही बाजूंचे काठ हातांनी जवळ धरून. निजून सरळ उठण्याची कवायत अजिबात नाही. वजन नाही. मी म्हटलं, जूनमध्ये मला शाळेत कवायत घ्यायची आहे. त्यांनी फक्त पट्टा नीट केला.

मग म्हणाल्या, पुढचं मूल लवकर नको. चार-पाच वर्षं तरी. खरं तर नकोच. शिवण याहून सैल झाली तर पुढच्या खेपेला तेही असंच निजेल, आणि दर वेळी असं जमेल असं नाही. "यजमानांना मी सांगू की तुम्ही सांगाल?"

मी म्हटलं, मी सांगते. का म्हटलं तसं? लाजेनं.

१० जाने., रविवार

हे आले. बाळाला घेतलं, बराच वेळ त्याची बोटं बघत होते. खूष होते फार. म्हणाले, छापखान्यात पेढे वाटले. आता घर भरल्यासारखं वाटेल. असं म्हणाले. मी तोंड उघडलं, नि मुलींबद्दल विचारलं.

१३ जाने.

श्वास सोडून पोट आत ओढते. सुरुवातीला काही हलतच नव्हतं, कोणा दुसऱ्याचं पोट असावं तसं. आज जरासं आत गेलं, किंवा मला तसं वाटलं. बाळ पितो नि झोपतो. त्याला काय, तो कसाही निजतो.

परवा घरी जायचं. करीमभाई येणार आहे. मनात एकच, घरी गेल्यावर सगळं पूर्वीसारखं सुरू होईल, दार लागेल, दिवा जाईल, आणि मी सांगितलेलं नसेल.

१४ जाने.

सासूबाई आता आत येतात, खाटेवर बसतात. आज पट्टा बांधत होत्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"डॉक्टरीणबाई मला बोलल्या," म्हणाल्या. खाली बघूनच, गाठ मारता मारता. "पुढचं नको म्हणून."

मी बाळाचं दुपटं सरळ केलं.

"मथुराच्या नवऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? आमची आई लाजली, मी लाजले." गाठ झाली तरी हात तिथंच. "तू बोललीस का माधवाशी?"

"नाही."

"मग मी बोलू?"

मुलाच्या आईनं मुलाला असलं सांगायचं. ते त्यांच्याकडे कसे बघतील नंतर? माझ्याकडे कसे बघतील? आणि ऐकतील का? मला माहीत नाही. चार वर्षं संसार केला आणि एवढं मला माहीत नाही.

त्या बसून होत्या. मग बाळ उठला म्हणून त्याला घ्यायला उठल्या. अजून मी उत्तर दिलेलं नाही. उद्या सकाळी टांगा येईल.